पडल्यानंतरचा पहिला प्रश्न

वाचकहो, या पाक्षिकातून आपण रक्तदाब, मधुमेह, गुडघेदुखी यांविषयी नेहमी वाचता. आज मी आपल्याशी सायकलीविषयी बोलणार आहे. सायकलीच्या निमित्ताने माझ्या हातून झालेल्या एका चुकीविषयीही बोलणार आहे. ती चूक अनेक घरांतून रोज, अत्यंत मायेने, घडत असते. म्हणूनच ती सांगणे मला आवश्यक वाटते.

तीन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. बहात्तर वर्षांचे एक निवृत्त शिक्षक सुनेबरोबर माझ्या दवाखान्यात आले. कोपर आणि गुडघा खरचटलेला, मनगटाला थोडी सूज. मी त्यांना बरीच वर्षे ओळखत होतो. चाळीस वर्षे त्यांनी सायकलवरून शाळा गाठली होती आणि निवृत्तीनंतरही मंडईतून भाजी आणणे, वाचनालयात जाणे, जुन्या सहकाऱ्यांच्या कट्ट्यावर बसणे हे सारे सायकलवरूनच चालत असे.

“डॉक्टर, बाबा सायकलवरून पडले,” सूनबाई म्हणाल्या. “आमचं ऐकत नाहीत. तुम्हीच सांगा आता.”

मी जखमा धुतल्या, मलमपट्टी केली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, मनगटाचा एक्स-रे काढवून हाड मोडले नसल्याची खात्री करून घेतली. मग खुर्चीत रेलून म्हणालो, “सर, आता सायकल पुरे झाली.”

ते क्षणभर स्वतःच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहत राहिले. “बरं. तुम्ही म्हणता तर बंद,” एवढेच म्हणाले.

सूनबाईंच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. मलाही कर्तव्य पार पाडल्याचे समाधान वाटले. त्या आठवड्याच्या रविवारी पहाटे पाच वाजता मी स्वतः सायकल काढून दिवे घाटाकडे निघालो, आणि यात काही विसंगती आहे असे मला मुळीच वाटले नाही.

इथे माझ्या छंदाविषयी थोडे सांगायला हवे. आमच्या लहानपणी पुणे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. भाड्याची सायकल तासावर आणायची, मधल्या नळीतून पाय घालून हाफ पायडल मारत शिकायचे, गुडघे फोडून घ्यायचे, हे माझ्या पिढीतल्या बहुतेकांचे बालपण. पुढे वैद्यकीचा अभ्यास, दवाखाना, संसार यांत सायकल सुटली. पंचेचाळिशीत माझा स्वतःचा रक्तदाब वाढला तेव्हा ती पुन्हा आली. या वेळी ती रस्त्यावरची वेगवान सायकल होती. तिचे टायर अंगठ्याएवढे अरुंद, हवा शंभर पौंडांच्या आसपास भरलेली, हँडल मेंढ्याच्या शिंगांसारखे खाली वळलेले.

रस्त्यावरच्या सायकलस्वारांची एक संस्कृती असते. आपण पालखीबरोबरची दिंडी पाहिली असेल. त्या शिस्तीशी तिचे मला नेहमी साम्य वाटते. दहा-बारा जण एका ओळीत, एकाच्या मागच्या चाकाला दुसऱ्याचे पुढचे चाक जवळजवळ लागून. पुढचा वारा कापतो आणि मागच्याचे श्रम लक्षणीय कमी होतात. काही मिनिटांनी पुढचा बाजूला होऊन ओळीच्या शेवटी जातो व दुसरा पुढे येतो. खड्डा दिसला की पुढचा हाताने खूण करतो, ती खूण मागच्यापर्यंत पोहोचते. कोणी अचानक ब्रेक लावायचा नाही, वाकडे जायचे नाही. सांगितलेल्या वेळेला पाच मिनिटे उशीर झाला तर कोणी थांबत नाही. यातला आनंद लयीचा आहे. श्वास, मांड्या आणि चाके एका ठेक्यात आली की तासन्‌तास मन शांत होत जाते. जपमाळ ओढणाऱ्यांना हा अनुभव परका वाटणार नाही.

या संस्कृतीचा इतिहासही मोठा आहे. फ्रान्समधील सुप्रसिद्ध शर्यत, टूर द फ्रान्स, १९०३ साली सुरू झाली. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणत. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ साली अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत सायकलने पार केली, तेव्हा आम्हा सायकलवेड्या डॉक्टरांची छाती अभिमानाने फुगली होती. मी स्वतः शर्यतीत कधी उतरलो नाही. मला आवडते ती ‘ब्रेव्हे’. यात २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० किलोमीटर वीस तासांत पूर्ण करायचे असतात. ठरावीक ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा, पंक्चर स्वतः काढायचे, आपले खाणेपिणे आपण पाहायचे. पहिला-दुसरा क्रमांक नसतो. वेळेत पोहोचलेले सर्व समान. पन्नाशीनंतरच्या माणसाला ही समता फार दिलासा देणारी असते.

परंतु या शिस्तबद्ध जगात एका गोष्टीला जागा नसते, ती म्हणजे पडणे. चाकाला चाक लावून ताशी तीस किलोमीटरने जाताना एक पडला तर मागचे चार पडतात. म्हणून पडणे हा अपराधच मानला जातो, आणि ते योग्यही आहे. कोणी पडलाच तर त्याला बाजूला घेतात, हाडे शाबूत आहेत ना पाहतात, सायकलीचे हँडल सरळ करतात आणि पुढे निघतात. पडलेला माणूस ओशाळतो. त्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. घाटात पाय जमिनीला टेकला तरी मनात टोचते. मग पडण्याची गोष्टच नको.

आता मागे वळून पाहताना वाटते, त्या शिक्षकांना सायकल बंद करा असे सांगणारा मी नुसता डॉक्टर नव्हतो. या जगाचा रहिवासी होतो. जो पडला त्याने बाजूला व्हावे, असा तो निवाडा होता.

आठ महिन्यांनी ते साखर तपासायला आले. सहा किलो वजन वाढले होते. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ७.१ वरून ८.४ वर गेला होता. पण माझे लक्ष गेले ते वेगळ्याच गोष्टीकडे. तपासणीनंतर खुर्चीतून उठताना त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर टेकवले आणि दुसऱ्या प्रयत्नात उभे राहिले. वर्षापूर्वी हाच माणूस बोलता बोलता सहज उठत असे.

“कट्ट्यावर जाणं होतं का, सर?” मी विचारले.

“रिक्षाने कट्ट्यावर कोण जातं, डॉक्टर?” ते हसून म्हणाले.

सायकल गेली, तिच्याबरोबर मंडई गेली, वाचनालय गेले आणि मित्रही गेले. हे माझ्या ध्यानात आले. पण दुसरे काय करता आले असते, हे त्या दिवशीही सुचले नाही. ते मला शिकवले माझ्या मुलाने, एका माळावर.

माझा मुलगा पंचविशीचा. त्याची सायकल डोंगरातली. तिचे टायर मनगटाएवढे रुंद आणि खाचांचे, हवा माझ्या सायकलीच्या चौथा हिस्सासुद्धा नाही, कारण मऊ टायर दगडाला धरून राहतो. पुढच्या चाकाला धक्के पिणारी सस्पेन्शन. माझ्या सायकलीला तो ‘सुई’ म्हणतो आणि मी त्याच्या सायकलीला ‘म्हैस’. बरेच महिने त्याने आग्रह केल्यावर एका रविवारी मी मित्राची तशी सायकल मागून घेऊन त्याच्याबरोबर बोपदेव घाटाच्या बाजूच्या मुरमाड वाटांवर गेलो.

या सायकलीचा जन्मही असाच उनाडपणातून झाला आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला टेकड्यांचा मुलूख आहे. १९७०च्या दशकात तिथल्या काही तरुणांनी चाळीस-चाळीस वर्षे जुन्या, जाड टायरच्या जड सायकली डोंगरावर नेऊन मातीच्या वाटेने खाली सोडायला सुरुवात केली. १९७६ साली तिथे शर्यत भरू लागली. त्या सायकलींना पायडल उलटे दाबून लागणारा ब्रेक असे. एका उतारात तो इतका तापे, की चाकाच्या तुंब्यातले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून त्या वाटेचे नावच ‘रिपॅक’, म्हणजे ‘पुन्हा भरा’, असे पडले. वीस वर्षांनी, १९९६ साली, हा खेळ अटलांटा ऑलिंपिकमध्ये पोहोचला.

त्या सकाळी माझी तीस वर्षांची प्रतिष्ठा पंधरा मिनिटांत मातीत मिळाली. तिथे ओळ नव्हती, वेळापत्रक नव्हते. पाच-सहा मुले-मुली एका दगडी पायरीसारख्या उतारापाशी थांबली होती. एक जण प्रयत्न करी, जमले नाही तर हसत परत येई. मग बाकीचे सांगत, “मागे रेल जरा”, “ब्रेक आधी सोड”. लहानपणी सूरपारंब्या खेळताना जसे चाले, अगदी तसे. ज्याला जमत नव्हते तो सायकलवरून उतरून चालत खाली जात होता आणि त्यात कोणालाही कमीपणा वाटत नव्हता. समोरून चढ चढणारा आला की उतरणारा थांबे. सकाळी फिरायला आलेले आजी-आजोबा दिसले की सगळे सायकली बाजूला घेत. (सगळीकडे असे होत नाही, हे टेकडीवर फिरणाऱ्या आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. कॅलिफोर्नियातही या वाटांवरून चालणाऱ्यांचे आणि सायकलस्वारांचे वाद झालेच. पायी माणसाला आधी वाट, हा नियम पाळला तरच हा खेळ सभ्य राहतो.)

“बाबा, दगडाकडे बघू नकोस. जिथे जायचंय तिथे बघ,” मुलगा ओरडला. मी अर्थातच दगडाकडे पाहिले आणि दगडावरच गेलो. पुढचे चाक वळले, मी आडवा. उजवा खांदा मुरमात घासला.

मी घाईघाईने उठलो. कोणी पाहिले का, ही पहिली भावना. काही झाले नाही, चला पुढे, हे पहिले शब्द. पण मुलगा पुढे गेला नाही. त्याने माझा खांदा हलवून पाहिला, हेल्मेट तपासले, मग हात धरून मला परत त्या दगडापाशी नेले.

“काय झालं नेमकं? चाक कुठे वळलं? तुझी नजर कुठे होती?”

सगळी मुले भोवती जमली. पाच मिनिटे माझ्या पडण्याचा अभ्यास झाला. नजर खाली, कोपरे ताठ, पुढचा ब्रेक दाबलेला, अशी तीन कारणे निघाली. मला कोणी ओरडले नाही आणि घरी बसायलाही सांगितले नाही. मला उतरून चालायची मुभा होती. मी ती घेतली. पण त्या दिवशी खांद्याला आयोडीन लावताना एक प्रश्न डोक्यातून जाईना. पडलेल्या माणसाला त्या मुलांनी सर्वांत आधी जे विचारले, ते मी, वैद्यकीय पदवी घेतलेल्या माणसाने, त्या शिक्षकांना विचारले होते का?

नव्हते. सूनबाई म्हणाल्या, ‘सायकलवरून पडले’. आणि मी ते लिहून घेतले.

सोमवारी मी त्यांना फोन करून बोलावले. बसवले आणि म्हणालो, “सर, तुम्ही मागच्या वर्षी पडलात तेव्हा नेमकं काय झालं होतं, ते पहिल्यापासून सांगा.”

त्यांनी सांगितले. मंडईतून परत आले, फाटकापाशी सायकलवरून व्यवस्थित उतरले, उभे राहिले आणि पिशवी काढायला वळले, तोच डोळ्यांपुढे अंधारी आली. ते पडले सायकलीसह, सायकलवरून नव्हे. सकाळी अंथरुणातून उठतानाही अधूनमधून तसे होत होते. पण ते वयाचेच असणार, म्हणून त्यांनी कोणाला सांगितले नव्हते.

मी त्यांना आडवे करून रक्तदाब घेतला, मग उभे करून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाला घेतला. वरचा आकडा अठ्ठावीसने उतरला. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा वीस किंवा खालचा दहा इतका उतरला, तर ती तपासण्याजोगी बाब असते. कागदपत्रे उलटली तेव्हा उलगडा झाला. पडण्याच्या तीन आठवडे आधी त्यांना प्रोस्टेटसाठी एक गोळी सुरू झाली होती. या प्रकारच्या गोळ्या रक्तवाहिन्याही सैल करतात. रक्तदाबाच्या गोळ्या आधीपासून होत्याच. दमछाक होऊन अचानक थांबले की पायांत रक्त साठते. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि मेंदूकडचा पुरवठा क्षणभर कमी पडला. ती गोळी मीच लिहिली होती. मी कारणाला हात लावला नाही आणि शिक्षा सायकलीला दिली. गोळ्या तशाच चालू राहिल्याने पडण्याचा धोका त्या आठ महिन्यांत घरातही तेवढाच होता. न्हाणीघरात पडले असते तर मी काय बंद करायला सांगितले असते?

मी त्यांची आणि सूनबाईंची क्षमा मागितली. सर काही बोलले नाहीत; त्यांनी माझ्या हातावर दोनदा थोपटले.

वाचकहो, या दोन संस्कृतींतून उतारवयासाठी काय घ्यावे, ते आता सांगतो. आपण डोंगरातल्या वाटांवर सायकल घालावी, असे मी मुळीच म्हणत नाही. घ्यायचा आहे तो विचार.

रस्त्यावरच्या सायकलीकडून लय आणि सातत्य घ्यावे. पासष्टीपुढच्या व्यक्तींनीही आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मध्यम म्हणजे बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत. चालणे, सायकल, घरातली स्थिर सायकल, काहीही चालेल.

डोंगरातल्या सायकलीकडून तोल आणि नजर घ्यावी. तोल तीन गोष्टींवर उभा असतो: डोळे, आतला कान, आणि पायांच्या स्नायू-सांध्यांकडून मेंदूला जाणारी खबर. मधुमेहात ही तिसरी खबर मंदावते. मोतीबिंदूने पहिली. म्हणून तोल व ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस तरी करावेत, हीही त्याच संघटनेची शिफारस आहे. स्वयंपाकघरातील ओटा धरून एका पायावर दहा सेकंद उभे राहणे, टाचेला चवडा लावून भिंतीकडेने चालणे, खुर्चीतून हात न टेकता उठण्याचा सराव, इतक्या साध्या गोष्टी. स्थिर सायकल दम वाढवते, पण तोल शिकवत नाही. तसेच सायकलवर वजन सीटवर असल्याने हाडांना चालण्याइतका भार मिळत नाही. त्यामुळे सायकल चालवणाऱ्यांनीही रोज थोडे चालावेच.

जे अजून सायकल चालवतात, त्यांनी चढायला सोपी, मधली नळी नसलेली सायकल घ्यावी. बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकतील इतकी सीट खाली असावी. हेल्मेट हवे, मागे पट्टा असलेली पादत्राणे हवीत; धोतर, साडी, ओढणी चेनपासून दूर. थांबण्याआधी पाच मिनिटे वेग हळू करावा. उतरल्यावर हँडल धरून मिनिटभर उभे राहावे, मगच पिशवीला हात घालावा. इन्सुलिन किंवा साखर फार उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. रक्त पातळ करणारी औषधे, ठिसूळ हाडे किंवा फिट येण्याचा आजार असल्यास आधी आपल्या डॉक्टरांशी बोलावे. काहींसाठी खरोखरच ‘बंद’ हेच उत्तर असते, आणि ते कारणासहित सांगितलेले असावे.

आता सांभाळ करणाऱ्या लेकी-सुना-मुलांना विनंती. घरातले वडीलधारे पडले तर ‘कशाला गेला होतात?’ हा प्रश्न गिळावा. आधी दुखापत पाहावी. डोक्याला मार असेल आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल, तर वरून ठीक दिसले तरी त्वरित रुग्णालयात न्यावे. मग शांतपणे विचारावे: पडण्याच्या आधी काय करत होता? चक्कर किंवा अंधारी आली का? पाय अडखळला की आपोआप गळाला? नुकतेच कोणते औषध सुरू झाले वा बदलले? याआधी असे झाले होते का? उत्तरे कागदावर लिहून सर्व गोळ्यांसह डॉक्टरांकडे आणावीत. आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तरी सांगावीत. माझ्यासारखे डॉक्टर चुकतात.

पडण्याची भीती वाटणे स्वाभाविक आहे. पण भीतीने हालचाल थांबली की स्नायू झिजतात, तोल जातो आणि माणूस पुन्हा पडण्याची शक्यता वाढते. आपण ज्याला जपणे म्हणतो, ते कधीकधी हळूहळू बांधून ठेवणे असते.

सरांची गोळी मी मूत्रविकारतज्ज्ञांच्या सल्ल्याने बदलली, रक्तदाबाच्या औषधाची मात्रा कमी केली. तीन महिने त्यांनी ओट्यापाशी आणि खुर्चीपाशी व्यायाम केला. सारे पूर्ववत झाले, असे मात्र नाही. मांड्यांतली गेलेली ताकद अर्धीच परत आली. मंडईच्या गर्दीतला रस्ता त्यांनी स्वतःहून सोडला. पण सोसायटीच्या मागच्या मोकळ्या रस्त्यावर रोज सकाळी ते नातीच्या बुटक्या सायकलवर अर्धा तास फेऱ्या मारतात. सूनबाई सुरुवातीला गॅलरीत उभ्या राहून पाहत असत. परवा भेटल्या तेव्हा म्हणाल्या, “आता मी आत चहा टाकते. ते उतरले की घंटी वाजवतात, आणि मिनिटभर हँडल धरून उभे राहतात.”